पार्सल आलंय, खाली या!

गेल्या महिन्यात याच पानावर मी सहज विचारलं होतं की तुमच्या घरात ऑनलाइन खरेदी कधीपासून सुरू झाली आणि परदेशात असलेली तुमची माणसं तिकडे कशी खरेदी करतात, तर एवढे प्रश्न आलेत की संपादकांनी मला फोन करून विचारलं, बाई तुम्ही नक्की काय लिहिलं होतंत. सगळे घेता येणार नाहीत, सात घेतलेत, काही पत्रं कापून छोटी केलीत, रागावू नका. आणि आधीच सांगते, मी अर्थतज्ज्ञ वगैरे नाही. भिवंडीच्या गोदामात पार्सलं मोजण्यात आणि मग ऑफिसात बसून त्याच पार्सलांच्या एक्सेल शीट करण्यात माझी बारा-तेरा वर्षं गेली, त्यामुळे मला हे सगळं खोक्याच्या बाजूने दिसतं.

प्रश्न: माझा भाचा नोकरीसाठी जपानात नागोयाला असतो. तो म्हणतो, मामा मी वस्तू ऑनलाइन मागवतो आणि पैसे भरायला कोपऱ्यावरच्या दुकानात जातो. मला वाटलं चेष्टा करतोय. बुलेट ट्रेनवाला देश आणि हे असं? आणि चीन म्हणे या बाबतीत सगळ्यांच्या पुढे. खरं काय समजायचं?
— एक निवृत्त मास्तर, कराड

उत्तर: मास्तर, भाचा चेष्टा करत नाहीये. त्या कोपऱ्यावरच्या दुकानाला तिकडे कोनबिनी म्हणतात, देशभरात पंचावन्न हजारांच्या आसपास आहेत आणि बहुतेक चोवीस तास उघडी. साइटवर ऑर्डर टाकली की एक नंबर येतो, तो काउंटरवर दाखवायचा, रोख पैसे मोजायचे, पावती घ्यायची, मग माल निघतो. पार्सलही तिथेच येऊन पडतं, ऑफिसातून घरी जाताना उचलायचं. लाइटबिल पण तिथेच भरतात. म्हणजे आपल्याकडे वाणी, पोस्ट, बँक आणि चहाची टपरी एकत्र केली तर जे होईल ते.

आता आकडे. जपान सरकारच्या हिशेबात 2019 साली वस्तूंच्या एकूण खरेदीत ऑनलाइनचा वाटा पावणेसात टक्क्यांच्या आसपास होता, मध्ये कोरोना येऊन गेला, तरी 2023 ला तो साडेनऊच्या आतच. त्याच वर्षी चीनचा सरकारी आकडा 27 टक्क्यांच्या वर. अमेरिका सध्या 16 च्या घरात, ब्रिटन 26-27. आपण अजून दहाच्या आतच आहोत. प्रत्येक देश वेगळ्या पद्धतीने मोजतो, कुणी पेट्रोल धरतं कुणी नाही, तेव्हा दशांश चिन्हावरनं भांडायचं नाही, पण चीन आणि जपानमधली दरी कुठल्याही फुटपट्टीने मोजली तरी दिसतेच.

आणि गंमत म्हणजे जपानने सुरुवात उशिरा केली असं अजिबात नाही. तिथल्या राकुतेन कंपनीचा ऑनलाइन बाजार 1997 मध्ये 13 दुकानांवर सुरू झाला, तेव्हा चीनची अलिबाबा कंपनी जन्माला पण यायची होती (ती 1999 ची, हांगझोऊची). घरपोच पार्सल पोचवण्यात तर जपानी लोक उस्ताद, यामातो कंपनीने घरोघरच्या पार्सलांची सेवा 1976 लाच सुरू केली, पहिल्या दिवशी 11 पार्सलं आली होती म्हणे, आणि आता तुम्ही त्यांना संध्याकाळी अमुक ते अमुक या वेळात या असं सांगू शकता आणि तो माणूस येतो. मग अडलं कुठे? माझं मत विचाराल तर अडलं कुठेच नाही, गरजच पडली नाही. घरापासून चार मिनिटांवर दुकान आहे, स्वच्छ आहे, वस्तू आहे, दुकानदार वाकून नमस्कार करतोय, मग फोनमध्ये डोकं घालायचं कशाला?

चीनमध्ये उलटं होतं. बीजिंग-शांघाय सोडलं तर लहान शहरांत बरी दुकानंच कमी, ब्रँडचा बूट घ्यायचा तर मोठ्या शहरात जा. तिथे जुनं काही मोडायचं नव्हतं, मोकळं रान होतं. त्यात 2003 ला सार्सची साथ आली, लोक बाहेर पडेनात. बीजिंगमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात दुकानं चालवणारे ल्यू च्यांगदोंग यांना दुकानं बंद ठेवावी लागली, मग त्यांनी इंटरनेटवरनं माल विकायला सुरुवात केली आणि पुढच्या वर्षी साइट काढली, तीच आजची जेडी. अलिबाबाची ऑनलाइन बाजाराची साइट ताओबाओ पण त्याच 2003 ची. समोर ईबे होतं, अमेरिकेचं, पैशाने दांडगं, त्यांनी चीनमधली एक चालती साइट विकतच घेतली होती आणि तरी 2006 संपता संपता गाशा गुंडाळला. ताओबाओने विकणाऱ्याकडनं फी घेतली नाही आणि ग्राहक-दुकानदार यांना एकमेकांशी चॅट करायची सोय दिली. ईबेला भीती की हे दोघं बाहेरच्या बाहेर सौदा करतील. ताओबाओला माहीत होतं की भाव केल्याशिवाय आपल्या माणसाला खरेदी केल्यासारखं वाटत नाही. मंडईत कोथिंबिरीची जुडी सुद्धा भाव करून घेणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न: मी सोलापुरात चादरी आणि नॅपकिनचा धंदा करतो, दोन वर्षांपासून ऑनलाइन विकतोय. कॅश ऑन डिलिव्हरीने जीव नकोसा केलाय. दहा पाठवल्या की तीन परत, कधी चार. दार उघडत नाहीत, फोन उचलत नाहीत, नाहीतर सरळ 'आम्ही मागवलंच नाही' म्हणतात. हे फक्त आपल्याच देशात चालतं का? बाहेर काय करतात?
— एक चादरवाले, सोलापूर

उत्तर: दादा, तुमचं पत्र वाचून मला माझं गोदाम आठवलं. तिथे एक अख्खा कोपरा 'आरटीओ'चा होता, म्हणजे गाडीवाला आरटीओ नाही, जिथनं निघालं तिथेच परत आलेलं पार्सल. दिवाळीनंतर त्या कोपऱ्यात पाय ठेवायला जागा नसायची, आणि जायचं भाडं विकणाऱ्याचं, यायचं पण बऱ्याचदा विकणाऱ्याचंच, वर खोकं फाटलेलं.

पण कॅश ऑन डिलिव्हरीला शिव्या देण्याआधी थोडं मागे जाऊ. आपल्या आजोबांच्या वेळची व्ही.पी. आठवतेय? जाहिरातीखाली असायचं बघा, 'व्ही.पी.ने मागवा'. पोस्टमनला पैसे द्यायचे तेव्हाच पाकीट हातात. भारतीय टपालात ही पद्धत 1877 पासून आहे, मनीऑर्डरपेक्षा सुद्धा जुनी. म्हणजे वस्तू दिसल्याशिवाय पैसा सोडायचा नाही हा आपला हिशेब दीडशे वर्षं जुना. 2010 ला फ्लिपकार्टने कॅश ऑन डिलिव्हरी आणली आणि धंदा उसळला त्याचं लोकांना फार कौतुक, मला विचाराल तर त्यांनी व्ही.पी.च परत काढली, फक्त खाकी कपड्यांच्या जागी टी-शर्ट आला. त्या काळात कार्ड असणारे मुळात थोडे, असलं तरी पेमेंट मधेच अडकायचं, पैसे कापले जायचे आणि ऑर्डर दिसायची नाही, मग आठ दिवस कस्टमर केअर. त्यापेक्षा दारात नोटा मोजलेल्या बऱ्या.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर, नाही, हे फक्त आपल्याकडे नाही. इंडोनेशियात चालतं, नायजेरियात चालतं, इजिप्तमध्ये चालतं, अरब देशांत वर्षानुवर्षं चाललं, जपानात सुद्धा दारात पैसे द्यायची पद्धत आहेच. प्रश्न सगळीकडे एकच असतो, आधी कोण सोडणार? मी पैसे की तू माल? ज्या देशाने याचं जे उत्तर काढलं तसा तिथला ऑनलाइन बाजार झाला, मोबाइल किती आणि इंटरनेट किती स्वस्त हे त्यानंतरचं. केनियात 2007 पासून एम-पेसा आहे, साध्या बटणवाल्या फोनवरनं पैसे पाठवायची सोय, आपल्या यूपीआयच्या नऊ वर्षं आधी, आणि तरी केनियात ऑनलाइन दुकानदारीचा स्फोट वगैरे काही झाला नाही. पैसे पाठवता येणं वेगळं आणि न बघितलेल्या दुकानदाराला आधी पाठवणं वेगळं.

चीनने मधला माणूस उभा केला. अलीपे ही अलिबाबाची पैसे भरायची सोय 2004 ची, पण सुरुवातीला ती नुसतं वॉलेट नव्हती, ग्राहकाचे पैसे अलीपे स्वतःकडे धरून ठेवायची, माल मिळाला बरा आहे असं ग्राहकाने सांगितलं की मग दुकानदाराला सोडायची. जुन्या व्यापारात अडत्या असायचा ना दोघांच्या ओळखीचा, तेच. ब्राझीलमध्ये बोलेटो नावाचं चलन निघतं, ते बँकेत नाहीतर लॉटरीच्या दुकानात भरायचं, ज्यांच्याकडे कार्ड नाही ते असं विकत घ्यायचे, आता 2020 च्या नोव्हेंबरपासून तिकडे पिक्स आलंय, आपल्या यूपीआयसारखंच. आणि जर्मनीत तर कमाल आहे, तिकडे दुकानदार आधी माल पाठवतो आणि बिल मागनं, त्याचं खाली सांगतेच कारण एक पत्र तिथलंच आहे.

आता तुमच्या चादरी. मी करत होते ते सांगते. सीओडी ऑर्डर आली की पाठवण्याआधी फोन नाहीतर व्हॉट्सॲप, उत्तर नाही तर माल नाही, एवढ्याने सुद्धा फरक पडतो. शंभर रुपये तरी आधी घ्या, ज्याने शंभर दिले तो दार उघडतो. आधी पैसे देणाऱ्याला थोडी सूट द्या, ती सूट परतीच्या भाड्यापेक्षा स्वस्त पडते. आणि आपल्याच जुन्या ऑर्डरी काढून बघा कुठल्या पिनकोडवरनं सारखं परत येतंय, तिथे सीओडी बंद करून टाका, त्यात काय लाजायचं. एक मात्र, चादरीचा फोटो खरा टाका. रंग उजळ करून टाकलेला फोटो आणि हातात आलेली चादर यात फरक दिसला की गिऱ्हाईक दारातनंच परत करणार, आणि तिथे मी गिऱ्हाइकाच्या बाजूने आहे.

प्रश्न: जगातली पहिली ऑनलाइन खरेदी कुणी केली? आमच्या ग्रुपवर यावरून दोन दिवस वाद चाललाय, एक जण अमेरिका म्हणतो. पैज लागलीय.
— कॉलेजचे चौघे, नांदेड

उत्तर: पैज वडापावाचीच असेल अशी आशा. 1984 च्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या गेट्सहेड गावात 72 वर्षांच्या जेन स्नोबॉल आजींनी घरच्या टीव्हीला जोडलेल्या रिमोटवरनं टेस्को या दुकानाकडे सामान मागवलं, मार्जरिन, कॉर्नफ्लेक्स आणि अंडी. इंटरनेट नव्हतंच, टीव्ही आणि टेलिफोनची तार, ही जोडणी मायकल ऑल्ड्रिच यांनी 1979 ला करून दाखवली होती, आणि बाहेर पडायला त्रास होणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी तिथल्या नगरपालिकेने तो प्रयोग केला होता. पैसे आजींनी दारातच रोख दिले असं सांगतात, म्हणजे बघा, सोलापूरचे दादा! अमेरिकावाला मित्र बहुतेक 1994 च्या ऑगस्टमधल्या गाण्याच्या सीडीबद्दल बोलतोय, ती इंटरनेटवर क्रेडिट कार्ड सुरक्षित वापरून झालेली सुरुवातीची खरेदी. त्यामुळे दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा वडापाव. आणि फ्रान्सवाला कुणी असता ग्रुपमध्ये तर त्याने मिनीटेल काढलं असतं, 1982 पासून टेलिफोन खात्याने घरोघरी दिलेलं छोटं स्क्रीनवालं यंत्र, त्यावर लोक रेल्वेची तिकिटं काढायचे, कॅटलॉगमधले कपडे मागवायचे, ते बंद झालं 2012 ला. आपल्याकडे रेल्वेचं तिकीट ऑनलाइन आलं 2002 ला, आणि ते मोजलं तर आपल्या निम्म्या लोकांची पहिली ऑनलाइन खरेदी साडी-मोबाइल नसून स्लीपरचं तिकीट आहे.

प्रश्न: मी स्टुटगार्टला शिकते. इथे माझी रूममेट चार ड्रेस मागवते, घालून आरशात बघते, तीन परत पाठवते आणि पैसे मात्र नंतर, दोन आठवड्यांनी भरते. कुणाला काही वाटतच नाही! आईला सांगितलं तर ती म्हणाली असलं काही करू नकोस, लोक काय म्हणतील. हे इथे एवढं नॉर्मल कसं?
— एक विद्यार्थिनी, स्टुटगार्ट (मूळची संगमनेर)

उत्तर: आईला सांग की तिथे ही दुसऱ्या महायुद्धानंतरची सवय आहे. हॅम्बुर्गच्या ऑट्टो कंपनीचा पहिला कॅटलॉग 1950 चा, हाताने बांधलेल्या 300 प्रती आणि आत 28 जोड बूट, बस. तेव्हापासून पोस्टाने माल येणार, घरी घालून बघायचं, ठेवलं त्याचं बिल नंतर भरायचं ही पद्धत जर्मन घरांत मुरली. कॅटलॉग संपले, त्याच सवयीवर साइट आल्या. कपडे-बूट विकणारी झालांदो 2008 ला बर्लिनमध्ये निघाली तेव्हा त्यांची टीव्हीवरची जाहिरातच अशी होती की आनंदाने किंचाळा नाहीतर परत पाठवा. तिकडे कपड्यांमध्ये साधारण निम्मा माल परत जातो आणि कंपन्या ते धरूनच भाव लावतात. शिवाय युरोपात ऑनलाइन घेतलेली वस्तू 14 दिवसांत काही कारण न सांगता परत करायचा कायदेशीर हक्क आहे, आपल्याकडे ते त्या त्या कंपनीच्या पॉलिसीवर.

हे सगळं चालतं कारण बिल बुडवणारा सापडतो, पत्ता खरा असतो, आणि बुडवलं तर पुढे त्याला मोबाइलचं कनेक्शन घेताना पण त्रास होतो. दुकानदाराने आधी विश्वास टाकायला मागे एवढं सगळं लागतं. तू मात्र लेबल कापू नकोस आणि घालून पार्टीला जाऊन आलेला ड्रेस परत करू नकोस, गोदामात तो वासावरनं कळतो. खरंच कळतो.

प्रश्न: आमचं गाव अहेरी तालुक्यात आत आहे. फोन आहे, नेट कधी असतं कधी नसतं, पैसे पण आहेत. पिनकोड टाकला की 'या ठिकाणी डिलिव्हरी उपलब्ध नाही'. मग देशात ऑनलाइन वाढलं वाढलं म्हणतात ते कुणाचं वाढलं?
— एक अंगणवाडी सेविका, जि. गडचिरोली

उत्तर: ताई, या महिन्यातला सगळ्यात खरा प्रश्न तुमचा. त्याचं उत्तर गोड नाही.

पार्सलाचा खर्च शेवटच्या काही किलोमीटरला होतो. भिवंडीहून नागपूरपर्यंत ट्रक भरून माल जातो, एका खोक्याला पैसे किती तर फार नाहीत, पण पुढे एक पोरगा बाइकवर एकच खोकं घेऊन चाळीस किलोमीटर जाणार आणि रिकामा परत येणार, तिथे हिशेब फिसकटतो. दक्षिण कोरियाचं फार कौतुक होतं बघा, कुपांग कंपनी, रात्री बारापर्यंत ऑर्डर टाका सकाळी सातच्या आत दारात, 2014 पासून त्यांची रॉकेट डिलिव्हरी चालूय, सकाळी सातची सोय त्यात नंतर आली. पण त्या देशाची निम्मी माणसं एकट्या सोल आणि आसपासच्या पट्ट्यात राहतात, तीही उंच उंच इमारतींत, एका लिफ्टमध्ये तीस पार्सलं वाटून होतात. त्यात हुशारी आहेच, पण भूगोल पण आहे. इंडोनेशियात सतरा हजार बेटं, तिथे जकार्तात एक गोष्ट आणि पापुआत दुसरीच. म्हणजे 'देशात वाढलं' हा शब्दच मला पटत नाही, वाढतं ते पट्ट्यापट्ट्याने.

दुसरा घोळ पत्त्याचा. माझ्याकडे एकदा पार्सल आलं होतं, त्यावर पत्ता एवढाच, 'शंकराच्या देवळामागे, कुणालाही विचारा'. आमच्या पोराने खरंच कुणालाही विचारलं आणि पोचवलं, पण त्याचा अर्धा दिवस गेला. नायजेरियात लागोसमध्ये 2012 ला जुमिया ही ऑनलाइन विक्रीची कंपनी निघाली, त्यांना हाच त्रास, घरांना नीट नंबर नाहीत, मग फोन करून करून पोचायचं, आणि शेवटी त्यांनी ठिकठिकाणी छोटी केंद्रं काढली, पार्सल तिथे येणार, तुम्ही येऊन न्या. आफ्रिकेतल्या काही देशांतून तर ते 2019 मध्ये बाहेरच पडले. पत्त्याच्या बाबतीत आपलं नशीब बरं की पिनकोड आहे, आणि तो ज्यांनी बसवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातले, टपाल खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि संस्कृतचे कवी! एका नावाची ढीगभर गावं आणि पत्ते वेगवेगळ्या भाषांत, यावर त्यांनी सहा आकड्यांचा तोडगा काढला, 15 ऑगस्ट 1972 ला तो लागू झाला. पहिला 4 म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. तेव्हा कुणाला ठाऊक होतं की पन्नास वर्षांनी त्याच आकड्यांवर ठरेल की कुणाला मिक्सर मिळणार आणि कुणाला नाही.

मार्ग काय म्हणाल तर प्रत्येक दारात पार्सल नेण्याचा हट्ट सोडला की सुटतं थोडंफार. पोलंडमध्ये पाच्कोमात म्हणून लोखंडी कपाटं आहेत, चौकात, पेट्रोल पंपावर, दुकानाबाहेर, वीस हजारांच्या वर, फोनवर कोड येतो तो टाकला की एक कप्पा उघडतो. लोकांना ते इतकं सोयीचं वाटतं की दारातल्या डिलिव्हरीपेक्षा तेच निवडतात. चीनमध्ये गावातल्या वाण्यालाच केंद्र केलं, पार्सलं त्याच्याकडे येतात, ज्यांना वापरता येत नाही त्यांची ऑर्डर पण तोच टाकून देतो. तुमच्याकडे आत्ता हाताशी काय आहे तर पोस्ट. बऱ्याच विकणाऱ्यांना फोन करून 'स्पीड पोस्टाने पाठवा' म्हटलं तर पाठवतात, पैसे आधी द्यावे लागतात एवढंच. नाहीतर तालुक्याच्या गावी ओळखीच्या दुकानाचा पत्ता द्यायचा आणि आठवडी बाजाराला गेलं की उचलायचं, हे बरेच जण करतात, तुम्ही पण करत असालच.

प्रश्न: मागच्या अंकात तुम्ही लिहिलं होतंत की कोरोनाने सगळं जग ऑनलाइन गेलं ते परत आलंच नाही. माझी मुलगी इंग्लंडमध्ये लेस्टरला आहे, ती म्हणते दुकानं भरलेली असतात. आणि आमचं डोंबिवलीत चाळीस वर्षांचं किराणा दुकान आहे, समोरच्या सोसायटीत दिवसाला वीस वेळा त्या दहा मिनिटवाल्यांच्या बाइक येतात. आमचं काय होणार ते सांगा.
— किराणावाले काका, डोंबिवली

उत्तर: काका, चूक माझी, ते वाक्य फार सरसकट झालं. तुमच्या मुलीचं बरोबर आहे. ब्रिटनमध्ये कोरोनाच्या आधी शंभर पौंडांतले साधारण 20 ऑनलाइन जायचे, 2021 च्या जानेवारीत दुकानं बंद असताना ते 37 च्या आसपास गेले, आणि दुकानं उघडल्यावर उतरत उतरत 26-27 वर येऊन बसले. म्हणजे सगळे परतले नाहीत पण बरेच परतले. अमेरिकेत 11 वरनं दोन-तीन महिन्यांत एकदम 16, मग थोडं खाली आणि आता पुन्हा कुठे 16. कोरोनाने उडी मारायला लावली, पण पाय शेवटी जमिनीवरच टेकले.

दहा मिनिटवाल्यांची गोष्ट वेगळी आहे आणि ती मला जास्त मजेशीर वाटते, कारण इथे युरोप पडला आणि आपण चालवून दाखवतोय. इस्तंबूलची गेतिर 2015 ची, बर्लिनची गोरिलाज 2020 ची, कोरोनात दोघींनी युरोपभर गोदामं उघडली, पैसा पाण्यासारखा ओतला, मग गेतिरने गोरिलाजला विकत घेतलं आणि 2024 ला गेतिर स्वतः ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स, अमेरिका सगळीकडनं बाहेर पडून तुर्कस्तानात परत गेली. आपल्या मुंबईत झेप्टो 2021 ला सुरू झाली आणि आज तुमच्या समोरच्या सोसायटीत आहे. कारण? तिकडे बाइकवाल्याला तासाला जे द्यावं लागतं त्यात दोन लिटर दूध आणि ब्रेड पोचवणं परवडत नाही. इकडे पोरं स्वस्तात मिळतात, वस्ती दाट आहे आणि तिसऱ्या मजल्यावरनं खाली उतरायचा आपल्याला कंटाळा आहे. यात तंत्रज्ञानाचं कौतुक करा हवं तर, मला आधी त्या पोराची पाठ दिसते.

तुमचं काय होणार? खरं सांगू का, चिप्स, कोल्ड्रिंक, मॅगी, शाम्पू हे तुमच्या हातनं जाणार, गेलंच असेल. पण महिन्याचं सामान, उधारी, 'कालचे तांदूळ चांगले नव्हते हो' म्हणून परत घेणं, आणि दिवाळीत चकलीच्या भाजणीला काय किती घालायचं ते सांगणं यात ते लोक येत नाहीत. आणि घरपोच सामान तर तुम्ही चाळीस वर्षं देताय! फोनवर यादी सांगायची, पोऱ्या पिशव्या आणून देणार, पैसे एक तारखेला. स्नोबॉल आजींच्या काळापासनं चाललंय हे. आता यादी व्हॉट्सॲपवर घ्या, यूपीआयचा स्टिकर तर लावलाच असेल, आणि सकाळी साडेसहाला शटर उघडा, कारण दूध-ब्रेडसाठी त्यांच्याकडे गेलेलं गिऱ्हाईक मग साबण पण तिथेच घेतं.

प्रश्न: 11 नोव्हेंबरला चीनमध्ये एवढा मोठा सेल का असतो? त्यांची दिवाळी असते का?
— इयत्ता सातवी, रत्नागिरी

उत्तर: नाही रे, सण-बिण काही नाही. 11/11 लिहून बघ, चारही आकडे एक, चार एकटी माणसं उभी असल्यासारखी. तिथल्या कॉलेजच्या मुलांनी गमतीत तो लग्न न झालेल्यांचा दिवस ठरवला होता. 2009 ला अलिबाबाने त्या दिवशी सेल लावला, पहिल्या वर्षी फक्त 27 दुकानदार होते, आणि पुढे त्याचं काय झालं ते तू पेपरात वाचतोसच. आपल्याकडे पण अशी एक तारीख आहे, फ्लिपकार्टने पहिला मोठा सेल 2014 ला 6 ऑक्टोबरला लावला होता, 6/10, कारण बंगळुरूमधल्या ज्या फ्लॅटमध्ये कंपनी सुरू झाली त्याचा नंबर 610. त्या दिवशी गर्दीने साइट बसली, लोकांच्या ऑर्डरी रद्द झाल्या आणि दुसऱ्या दिवशी मालकांनी सगळ्यांची ईमेलवर माफी मागितली. आमच्या गोदामाचं विचारू नकोस, त्या आठवड्यात मी तीन दिवस घरी गेले नव्हते आणि डबा शेजारच्या काकू रिक्षाने पाठवत होत्या.